साखरेच्या डब्यात काहीतरी

माणसाचा खरा स्वभाव कॅमेऱ्यासमोरच कळतो, ही गोष्ट आता निर्विवाद ठरली आहे. कॅमेरा नसताना माणूस कसा वागतो हे कोणीच पाहिलेलं नसतं, त्यामुळे त्याबद्दल बोलणं म्हणजे नुसत्या हवेतल्या गप्पा. पूर्वी माणूस ओळखायला त्याच्या शेजारी दहा-दहा वर्षं राहावं लागे, त्याच्याबरोबर प्रवास करावा लागे, प्रसंगी त्याच्याशी लग्नसुद्धा करावं लागे, आणि एवढं करूनही अंदाज चुकत. आता तो सगळा खटाटोप संपला. बारा जणांना एका घरात कोंडायचं, एकाहत्तर कॅमेरे लावायचे, आणि रोज संध्याकाळी साडेआठ वाजता पंचेचाळीस मिनिटं (त्यातली एकोणीस जाहिरातींची) समोर बसायचं, की माणूस आरपार कळतो.

हे बारा जण अर्थातच प्रसिद्ध असावे लागतात. सामान्य माणसाचा स्वभाव आपल्याला घरी फुकट बघायला मिळतो आणि त्याने कुणाचं भलं झाल्याचं ऐकिवात नाही. आता प्रसिद्ध कोणाला म्हणायचं? वाहिनीच्या परिपत्रकात याची व्याख्या दिलेली आहे: ‘जिला पाहिल्यावर दहातले सहा लोक “अरे, ही ती ना!” असं म्हणतात आणि त्या सहांपैकी चौघांना पुढचं काही आठवत नाही, अशी व्यक्ती.’ या कसोटीवर ‘उघडं घर’ (घराचं दार बाहेरून बंद असे, पण नावावरून वाद घालण्यात अर्थ नाही) या कार्यक्रमाच्या तिसऱ्या पर्वासाठी बारा जण निवडले गेले. त्यांत चौघे प्रसिद्ध होते, तिघे पूर्वी प्रसिद्ध होते, तिघे लवकरच होणार होते आणि उरलेल्या दोघांच्या प्रसिद्धीची चौकशी चालू होती. एक हातातला सोपा झेल सोडलेला माजी खेळाडू होता. एकाच गाण्यावर अठरा वर्षं निभावून नेलेला गायक होता. वजन कमी करायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, दुसऱ्या पर्वातून हाकलला गेल्यामुळे नावारूपाला आलेला एक तरुण होता. आणि एक सासू होती.

सासूकडे येतोच. त्याआधी शेडमध्ये जायला हवं.

प्रेक्षकांना घर दिसतं, पण कार्यक्रमाचा कणा घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होता. त्याला नोंद कक्ष म्हणत. आत चोवीस खुर्च्या, चोवीस पडदे आणि एक एसी, जो चालू असला की गारठवी आणि बंद पडला की उकडवी. प्रत्येक खुर्चीवरच्या माणसाने घरातल्या एकेका प्रसिद्ध व्यक्तीवर नजर ठेवायची (एकीमागे दोन खुर्च्या), तिने काय केलं ते नमुना क्रमांक सातमध्ये वेळेसह लिहायचं, आणि दर चार तासांनी तो तक्ता संकलकांकडे पाठवायचा. कारण उघड आहे. एकाहत्तर कॅमेऱ्यांचं दिवसभराचं चित्रण कोण बघत बसणार? संकलक फक्त तक्ता बघत आणि हवं तेवढंच चित्रण उघडत.

नमुना क्रमांक सातमध्ये पाच रकाने होते: भांडण, रडणे, कट, प्रेम (किंवा तत्सम) आणि इतर. रडण्याच्या रकान्यात ‘अश्रूंसहित’ आणि ‘अश्रूंविना’ अशी पोटविभागणी होती. संकलक डावीकडून उघडायला लागत, आणि चांगल्या दिवशी दुसऱ्याच रकान्यात सव्वीस मिनिटं भरून जात. वाईट दिवशी तिसऱ्यापर्यंत यावं लागे. ‘इतर’ हा रकाना कधी उघडला गेल्याची नोंद नाही. (नोंद ठेवायचीच झाली तर ती ‘इतर’मध्ये ठेवावी लागली असती.)

या शेडमध्ये सोळाव्या खुर्चीवर कोर्टकाका बसत. त्यांना असं म्हणायचं कारण म्हणजे त्यांनी कोर्टात सत्तावीस वर्षं लघुलेखक म्हणून काढली होती. साक्षीदार जे बोलला ते, जसं बोलला तसं, उतरवून घ्यायचं. सत्तावीस वर्षांत त्यांनी पदरचं एक विशेषण खर्च केलं नव्हतं. साक्षीदार कुत्सितपणे हसला तरी काका ‘साक्षीदार हसला’ एवढंच लिहीत. कुत्सितपणा ज्याचा त्याने ठरवावा. निवृत्तीनंतर घरी बसून त्यांनी काकूंच्या बोलण्यातल्या विसंगती तारीखवार सांगायला सुरुवात केली, तेव्हा काकूंनीच वर्तमानपत्रातली जाहिरात कापून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ‘भरभर लिहिणारी माणसं पाहिजेत.’ काका गेले, त्यांची निवड झाली, आणि घरात शांतता नांदू लागली.

काकांच्या वाट्याला सासू आली, कारण ती कुणालाच नको होती. गायकाला तर तीन-तीन अर्ज आले होते, तो दिवसाआड रडायचा. सासूच्या खुर्चीवर आधी जी मुलगी होती तिने चौथ्या दिवशी ‘इथे काही घडतच नाही’ म्हणून बदली मागून घेतली.

सासूचं खरं नाव परिपत्रकातसुद्धा कंसात होतं. एका मालिकेत तिने चौदा वर्षं सासूचं काम केलं होतं आणि त्या काळात दोन सुनांना जिन्यावरून ढकललं होतं, एकीचे दागिने लपवले होते आणि तिसरीला तर दुधातून काय काय पाजलं होतं. भाजी घ्यायला गेली तर भाजीवाला वजन करताना घाबरून जास्तच घालायचा. एकदा दवाखान्यात तिच्या शेजारी बसलेली गरोदर बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली होती. याची तिला सवय झाली होती. पण आता तिच्या मुलाचं लग्न ठरत होतं.

मुलगा चष्म्याच्या दुकानात नजर तपासायचा. तिथेच चष्मा करायला आलेल्या एका मुलीशी त्याचं जमलं. मुलीला तो पसंत, मुलीच्या आईवडिलांना पसंत. पण मुलीच्या आत्याबाईंनी मोडता घातला. आत्याबाईंचा शब्द त्या घरात खाली पडत नसे, आणि त्यांनी मालिकेचा एक भाग चुकवला नव्हता. त्या म्हणाल्या, “दोन पोरींना जिन्यावरून ढकललेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. त्या घरात आपली पोरगी? माझ्या जिवंतपणी नाही.” ते नाटक होतं असं त्यांना तीन जणांनी समजावलं. आत्याबाई म्हणाल्या, “एखाद-दुसरं वर्ष नाटक असतं. चौदा वर्षं कोणी नाटक करत नाही.” बोला आता!

म्हणून सासू ‘उघड्या घरा’त आली. पाचव्या दिवशी तिची पाळी आली तेव्हा, मन मोकळं करायच्या खोलीत, खुर्चीवर नीट बसून तिने कॅमेऱ्याला सांगितलं, “मला जिंकायचं-बिंकायचं नाही. मी कशी आहे ते लोकांनी एकदा बघावं. एकाच बाईने बघितलं तरी पुरे.” हे सांगताना ती रडली नाही, कुणाचं नाव घेतलं नाही, आवाजही चढवला नाही. काकांनी ते शब्दशः उतरवलं. रकाना: इतर.

आणि मग काका पाच आठवडे तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या तक्त्यातल्या काही नोंदी अशा होत्या: ‘खेळाडूच्या शर्टाचं बटण लावते, खेळाडू झोपलेला.’ ‘वजनवाल्या बाईंचं जेवण झाल्यावर उरलेलं जेवते. बाईंनी थोडंच ठेवलं आहे.’ ‘हाकलल्या गेलेल्या तरुणाचं बोलणं ऐकते. अडीच तास.’ दुसरा कोणी असता तर कंटाळून गेला असता. काकांना मात्र कोर्टात सत्तावीस वर्षांत असा साक्षीदार भेटला नव्हता. कोणी विचारत नसताना खरं वागणारी बाई! बघता बघता त्यांचा तिच्यावर जीव जडला. (‘प्रेम किंवा तत्सम’ हा रकाना नोंद करणाऱ्यांना लागू नाही, त्यामुळे याची नोंद कुठे झाली नाही.)

घरात साखर मोजून मिळे. हा वाहिनीचा एक फार विचारपूर्वक केलेला नियम होता. गोडाचा चहा मिळाला नाही की माणूस चिडतो आणि चिडला की त्याचा खरा स्वभाव दिसतो. बारा जणांचे बारा डबे, प्रत्येकावर नाव, आठवड्याला एक वाटी. पहिल्या आठवड्यातली सातपैकी चार भांडणं साखरेची होती, आणि दोन साखरेच्या संशयाची. सासू रोज पहाटे सगळ्यांच्या आधी उठायची. सहा वाजून बारा मिनिटांनी, पदराखाली आपला डबा धरून, ती स्वयंपाकघरात यायची आणि आपल्या वाट्याची साखर चमच्या-चमच्याने ज्याचा डबा तळाला गेला असेल त्याच्यात टाकायची. गायकाच्या डब्यात बहुतेक रोज. कोणाला कळू द्यायची नाही. कळलं तर त्यांना ओशाळं वाटेल, असं ती स्वतःशीच पुटपुटली होती (माइक क्रमांक सोळा, दिवस नववा). स्वतः बिनसाखरेचा चहा घ्यायची आणि तोंड वाकडं करायची.

रकाना: इतर, इतर, इतर.

सहाव्या आठवड्यात घरच्यांशी तीन मिनिटं फोनवर बोलायची परवानगी मिळाली. काका हेडफोन लावून ऐकत होते. सासूने पहिलं वाक्य टाकलं, “आत्याबाई बघतात का रे?”

“रोज बघतात,” मुलगा म्हणाला. “पण आई, तू दिसतच नाहीस. त्या म्हणतात, दिसत नाही म्हणजे आत काहीतरी शिजतंय.”

“अरे, मी असते की! रोज असते.”

“आणि त्या म्हणाल्या, या शनिवारी तू बाहेर आलीस की विषय संपला. तिला दुसरं स्थळ बघणार आहेत.” उरलेलं दीड मिनिट दोघं नुसता फोन धरून बसली. शनिवारी पर्वातला पहिला माणूस, सगळ्यांत कमी मतं पडलेला, बाहेर जायचा होता, आणि सासूला आजवर एकूण मतं पडली होती एकोणचाळीस. त्यातली काही चुकून पडलेली असावीत. फोन ठेवून सासूने पदराने तोंड पुसलं आणि ती गायकाचे मोजे शिवायला बसली. काकांनी पडद्यावर नाक टेकवून पाहिलं, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. ‘अश्रूंविना’मध्ये घालावं तर हुंदकाही नव्हता.

दुसऱ्या दिवशी काकांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं ते केलं. ते आपणहून वरिष्ठांकडे गेले. कार्यक्रमाच्या प्रमुख मॅडम एकोणतीस वर्षांच्या होत्या, दिवसाला चार तास झोपत आणि सर्वांशी फार मायेने वागत.

“मॅडम, एकदा ‘इतर’ उघडून बघाल का? सोळा नंबर. सकाळी सहा-बारा.”

“काय आहे त्यात काका? भांडण?”

“नाही. ती बाई चांगली वागते.”

मॅडमनी त्यांच्याकडे काळजीने पाहिलं. “बसा काका. पाणी घ्या. अहो, चांगुलपणा आपण पहिल्या पर्वात दाखवला होता. एकाने दुसऱ्याचे पाय चेपले, सलग चार मिनिटं. प्रेक्षक इतके झपाट्याने उठून गेले की वीज कंपनीचा फोन आला, म्हणे तुमच्या भागात काही बिघाड झालाय का? लोक दिवसभर दमून येतात हो. त्यांना आणखी लाजवायचं का आपण?”

हा मुद्दा बिनतोड होता. काका परत येऊन खुर्चीत बसले. गुरुवार होता. शुक्रवारचा भाग हा मत द्यायच्या आधीचा शेवटचा. काकांनी रात्री अन्नाला नीट हात लावला नाही, आणि शुक्रवारी ते पहाटेच्या पाळीला तासभर आधीच येऊन बसले.

त्यांचा युक्तिवाद साधा होता आणि कायद्याच्या दृष्टीने निर्दोष होता. संकलक ‘इतर’ उघडत नाहीत, ‘कट’ उघडतात. एकदा उघडलं की त्यांना चित्रण दिसणारच. चित्रणात साखर आहे. साखर पांढरी आहे, डबा दिसतो आहे, चमचा दिसतो आहे. डोळ्यांनी दिसलेलं कोण नाकारणार? सहा वाजून बारा मिनिटांनी सासू डबा घेऊन आली. सत्तावीस वर्षांची पुण्याई पणाला लावून काकांनी तिसऱ्या रकान्यात लिहिलं: ‘सासू. सर्व झोपलेले असताना गुपचूप येते व इतरांच्या डब्यांत काहीतरी टाकते.’

प्रत्येक शब्द खरा होता. ‘सर्व झोपलेले असताना’ खरं. ‘गुपचूप’ खरं. ‘काहीतरी’ हा शब्द तेवढा त्यांना टोचला. पण साखर हीसुद्धा काहीतरीच असते, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि तक्ता पाठवला.

संकलकांनी पंधरा मिनिटांत तो उघडला. काकांचा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी ते मुद्दाम लवकर घरी गेले आणि काकूंच्या शेजारी सोफ्यावर बसले. अकरा सेकंदांचं ते काम पडद्यावर नऊ मिनिटं चाललं. आधी अंधार. मग नगारा. सासूची पावलं, फक्त पावलं, तीनदा. मग तिचे डोळे (हे डोळे मंगळवारचे होते, ती कांदा चिरत होती तेव्हाचे). पदराखालून निघणारा हात. चमचा. पुन्हा नगारा. चमच्यातून जे काही पडलं ते इतकं हळू पडलं, की त्याला पडायचंच नसावं. मग जाहिरात. मग चहा पिऊन खोकणारा गायक. हा खोकला तीन आठवड्यांपूर्वीचा, गाण्याचा सराव करतानाचा; पण खोकल्यावर तारीख नसते. शेवटी सासूचं हसणं आणि पडद्यावर अक्षरं: ‘काय आहे त्या डब्यात?’

“साखर,” काका म्हणाले.

“गप्प बसा हो,” काकू म्हणाल्या. त्या सोफ्याच्या कडेला आल्या होत्या. “बघा, बघा कशी हसतेय! मला पहिल्यापासून वाटतच होतं.”

“अगं, साखर आहे ती. मी स्वतः बघितलंय. रोज बघतो.”

“तुम्ही काय बघणार? तुम्ही तिथे मागे शेडमध्ये बसता. आम्ही इथून सगळं बघतो.”

सत्तावीस वर्षांत काकांनी एकाही साक्षीदाराला उलट प्रश्न विचारला नव्हता. आता विचारावासा वाटला, पण काकू मत द्यायला फोन शोधत होत्या. “बाहेर काढतेस तिला?” काकांनी घाबरून विचारलं. “वेडे आहात का?” काकू म्हणाल्या. “ठेवतेय. एवढ्यात गेली तर पुढे काय करते ते कसं कळणार?”

हाच विचार देशभरात त्या क्षणी बासष्ट लाख लोकांनी केला. सासू शनिवारी सर्वाधिक मतांनी वाचली. पुढच्या आठवड्यात कार्यक्रमाने सगळे उच्चांक मोडले. एका वाहिनीवर चार तज्ज्ञांनी चमच्याच्या कोनावर चर्चा केली. एका जागरूक नागरिकाने प्रयोगशाळेकडे धाव घेतली. तिथून ‘नमुना साखरेचा असून शुद्धता नव्व्याण्णव टक्के’ असा अहवाल आला, आणि मग उरलेल्या एका टक्क्याविषयी देशात जी अस्वस्थता पसरली ती अभूतपूर्व होती. शाळकरी मुलं एकमेकांच्या डब्यात चिमूटभर काहीतरी टाकून हसू लागली. साखरेचा खप उतरला, गुळाचा वाढला.

घरात सगळ्यांना ती चित्रफीत दाखवण्यात आली. गायकाने आपला डबा उचलून कपाटात कुलूप लावून ठेवला आणि तो दोन दिवस खोकत राहिला, अगदी मनापासून. सासू म्हणाली, “अरे, साखर होती रे ती. तुझी संपली होती म्हणून.” हे वाक्य दाखवलं गेलं, मागे नगारा वाजवून. त्यानंतर ते वाक्य बारा वेळा उच्चारून पाहावं. तेराव्या वेळी ते कुणालाही कबुलीजबाबासारखंच वाटेल.

काकांनी कोर्टाच्या शिस्तीप्रमाणे शुद्धिपत्रक दाखल केलं: ‘दिनांक अमुक, वेळ सहा-बारा, या नोंदीत “कट” ऐवजी “इतर” व “काहीतरी” ऐवजी “साखर” वाचावे.’ मॅडमनी ते वाचलं, त्यांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं (अश्रूंसहित), आणि त्यांनी काकांना ‘कट’ रकान्याचे प्रमुख नेमलं. शिवाय पारदर्शकतेचा प्रश्न म्हणून सहा-बाराचं मूळ चित्रण, नगाऱ्याशिवाय, जसंच्या तसं सर्वांसाठी खुलं करण्यात आलं. ते एकूण चौदा जणांनी पाहिलं. त्यांतले नऊ जण शेडमधले होते, तिघांचं बोट चुकून पडलं होतं, एक सासूचा मुलगा होता. चौदाव्या आत्याबाई होत्या.

हे कळल्यावर काकांना वाटलं, सुटलो! तीच ती एक बाई. तिने नगाऱ्याशिवाय पाहिलं. आता ती काय म्हणते?

आत्याबाईंचा निरोप पुढच्या फोनवर आला. सोयरिकीला होकार! मुलगा आनंदाने ओरडतच होता. सासूने खुर्चीला धरून विचारलं, “त्यांनी पाहिलं ना रे? पटलं ना त्यांना?”

“पटलं ना! त्या म्हणाल्या, इतके दिवस शंका होती, नटी आहे, उद्या गोड गोड वागेल, आपल्याला कळणारसुद्धा नाही. आता खात्री झाली. बाई टीव्हीवर तशी आणि घरातही तशीच. म्हणाल्या, वाईट असेल पण आतबाहेर एक आहे, अशा माणसाशी सोयरीक करायला हरकत नाही. सांभाळून राहता येतं.”

सासूने धरलेली खुर्ची सोडली. मग म्हणाली, “होकार दिला ना? मग बास झालं.” आणि ती रडली. पोटातून, आवाज करून, सात मिनिटं. काकांनी ते कुठल्याच रकान्यात लिहिलं नाही. त्यांच्या नोकरीतला हा दुसरा गुन्हा. पण शेजारच्या खुर्चीने लिहिलं, आणि ते साडेआठला दाखवलं गेलं, ‘विजयाचे अश्रू’ म्हणून.

सासू जिंकली. लग्न दोन महिन्यांनी झालं आणि शेडमधल्या सर्वांना आमंत्रण होतं. मोठा हॉल, खुर्च्यांच्या रांगा, भिंतीशी चहाचं टेबल. मुलीकडची मंडळी आनंदात होती आणि त्यांनी आपापली साखर पुड्यांतून आणली होती. लोक रांग लावून सासूबरोबर फोटो काढत होते. “तसं बघा ना, तसं!” म्हणत होते. सासू तसं बघत होती. नवी सून भेदरून तिच्यापासून चार हात दूर उभी होती आणि तिच्याकडच्यांना फोटोत ते फार आवडत होतं. आत्याबाई सगळ्यांना सांगत होत्या, “मी ओळखलं होतं. सगळ्यांत आधी मी.”

गर्दी ओसरल्यावर काका पुढे गेले. मागे काकू. काकांनी घसा खाकरला आणि शपथेवर सांगावं तसं सांगितलं, “बाई, ती नोंद माझी. ‘काहीतरी’ मी लिहिलं. तुम्ही दिसाव्यात म्हणून लिहिलं. माझं चुकलं.”

सासूने त्यांच्याकडे पाहिलं. रागावेल असं काकांना वाटलं होतं, रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “म्हणजे सहा-बाराला तिकडे कोणीतरी माणूस होतं? मला वाटायचं नुसती यंत्रं आहेत.” मग जवळ येऊन, हळूच, “तुम्ही रोज बघितलंत ना? साखरच होती ना हो ती? इतक्यांनी इतक्या वेळा विचारलं, की आताशा मलाच कधीकधी कळेनासं होतं.”

“साखरच होती,” काका म्हणाले. “सदतीस दिवस, दिवस पाचवा ते दिवस एकेचाळीस. साखर.”

तिचा चेहरा असा उजळला की काकांना गलबलून आलं. “बसा. उभ्या उभ्या जायचं नाही. मी देते चहा,” असं म्हणत ती टेबलाकडे वळली. तिने स्वतः कप धुतला, स्वतः चहा ओतला, त्यांच्याकडे पाठ करून दोन चमचे घातले, ढवळलं, आणि दोन्ही हातांनी कप पुढे केला. मागून काकूंनी काकांच्या कोपराला चिमटा काढला.

काकांनी कप घेतला. सासू हसत समोर उभी होती. काका हसले, कप ओठांपर्यंत नेला, आणि प्यायच्या आधी, अगदी नकळत, एकदा त्याचा वास घेतला.

सासूच्या ते लक्षात आलं. ती रिकामा ट्रे उचलून पुढच्या पाहुण्यांकडे गेली.

तुम्ही काकांना नावं ठेवू नका. त्यांनी ती साखर सदतीस दिवस स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तुम्ही पाहिलेली नाही. ती साखर होती, हे तुम्हाला फक्त मी सांगितलं आहे. आणि कप अजून तुमच्यापुढे आलेला नाही.